भोक म्हणजे चोर

या माणसाबद्दल चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत. ते काम त्यांचं त्यांनी करावं. आमच्या जुन्या घरमालकांबद्दल मला जे माहीत आहे तेवढंच मी लिहिणार आहे, आणि ते चांगलं नाही.

त्यांना तोंडावर सगळे ‘काका’ म्हणत आणि पाठीमागे ‘काबरं’. कारण ‘असं का बरं?’ ही शेपटी जोडल्याशिवाय त्यांचं वाक्य संपत नसे. तुम्ही जिन्यात घसरून पडलात तर हात द्यायच्या आधी ते विचारणार, ओल्या फरशीवरून पाय घसरतो, असं का बरं? उत्तर येईपर्यंत तुम्ही तसेच पसरलेले.

उभं आयुष्य त्यांनी बर्फाच्या कारखान्यात काढलं होतं. मिसरूड फुटायच्या आधी डबे धुवायला लागले आणि सुपरवायझर होऊन बाहेर पडले. तो कारखाना मी कधी पाहिलेला नाही, पण इतक्या वेळा ऐकला आहे की डोळे बांधून आत सोडलंत तरी फिरून येईन. लांबलचक हौद, त्यात मिठाचं पाणी, शून्याच्या खाली गेलेलं पण मिठामुळे न गोठणारं. त्यात पत्र्याचे उंच डबे सोडलेले, डब्यांत साधं पाणी. चहूबाजूंनी गारठत त्याची लादी होते. लादीच्या मधोमध एक पांढरट, धुरकट पट्टा असतो. का? तर पाणी बाहेरून आत गोठत जातं, आणि त्यात विरघळलेली हवा पुढे पुढे ढकलली जाऊन शेवटी मध्येच अडकते. म्हणून चांगल्या कारखान्यात डब्यात नळी सोडून पाणी सारखं हलतं ठेवतात, मग लादी काचेसारखी निघते. हे सगळं खरं आहे. ऐकायला छानही आहे. पहिल्यांदा.

त्या कारखान्यातून ते दोन गोष्टी शिकून आले आणि त्या दोनच्या पुढे कधी गेले नाहीत. पहिली, भोक म्हणजे चोर. बर्फाच्या कोठीच्या दाराला काडीएवढी फट राहिली तरी उजाडेपर्यंत लाद्या घामेजून जातात, म्हणून फट दिसली की बुजवायची. दुसरी, नाक खोटं बोलत नाही. बर्फाच्या यंत्रात अमोनिया असतो, तो गळला तर जिवाशी खेळ. पण त्याचा वास असा की मेलेला माणूस उठून बसेल. एकदा काकांना तो वास सगळ्यांच्या आधी आला. त्यांनी भोंगा वाजवला, माणसांना ढकलून ढकलून बाहेर काढलं, कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही. मालकाने त्यांना भिंतीवरचं मोठं घड्याळ बक्षीस दिलं. हेही खरं आहे, मी नाकारत नाही. पण ज्या नाकाने एकदा माणसं वाचवली, त्या नाकाला त्यांनी पुढे जन्मभराचा न्यायाधीश करून टाकलं.

घर तीन मजली होतं. सगळ्यात वर काका-काकू, मध्ये आम्ही, खाली कपडे शिवणाऱ्या एक बाई, ज्यांना आम्ही टेलरताई म्हणायचो. संध्याकाळी काका जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसत. काकू वरून चहा आणून देत आणि काही न बोलता परत वर जात. ज्याला काही तक्रार असेल त्याने त्या वेळी यायचं. पण तक्रार ऐकून घेण्याआधी काका एक कोडं घालणार. ते सुटलं तर तक्रार पुढे. नाही सुटलं तर ‘विचार करून या’. ही थट्टा नव्हती. भाडेकरूंसाठीचा तो खरोखरीचा नियम होता.

राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात आमचा नळ गळायला लागला. मी खाली गेले.

“काका, स्वयंपाकघरातला नळ...”

“बसा. थंडीत दाराची लोखंडी कडी जास्त गार लागते की लाकडी फळी?”

“कडी.”

“दोन्ही एकाच खोलीत, एकाच हवेत. थर्मामीटर लावला तर आकडा एकच. मग कडीच गार, असं का बरं?”

“लोखंड थंडी धरून ठेवतं म्हणून?”

त्यांनी अशा तृप्तीने डोळे मिटले की मी त्यांना काहीतरी गोड खाऊ घातलंय असं वाटावं. “विचार करून या.”

“अहो, पण नळ गळतोय!”

“तोपर्यंत खाली बादली ठेवा. बादली म्हणजेही विचारच आहे.”

जिन्यात टेलरताईंनी मला हाताने खूण करून आत बोलावलं. तोंडात टाचण्या धरूनच त्या म्हणाल्या, “ताई, सांगा की लोखंड हाताची ऊब झटकन ओढून नेतं आणि लाकूड नेत नाही. गार काही नसतं, आपल्या हातातलं जातं. माझा नळ याच कोड्यापायी बरेच दिवस गळत होता.”

“मग तुम्हाला उत्तर कुणी सांगितलं?”

“आधीच्या भाडेकरूने. जुने पेपर आहेत सगळे माझ्याकडे. काही लागलं तर येत जा.”

मी हसले. तेव्हा हसू येत होतं.

थंडी पडायला लागली तसे काका एका सकाळी पिशवी घेऊन दारात उभे राहिले. पिशवीत काचा बसवायची लांबी, बुचाच्या पट्ट्या, काचेचा तुकडा. आमच्या बाथरूमला छताजवळ एक उघडा झरोका होता आणि भिंतीवर गॅसचा गीझर. हे गीझर काकांनीच वरच्या दोन्ही मजल्यांवर बसवून दिले होते.

“पाणी तुमचं, गॅस तुमचा,” ते झरोक्याकडे बोट दाखवून म्हणाले, “आणि ऊब हा घेऊन जातो. हा कोण लागून गेला?”

स्टुलावर चढून त्यांनी तो झरोका असा बंद केला की मुंगीला विचारून आत यावं लागलं असतं. पैसे घेतले नाहीत. माझा नवरा खूश. “बघ, आपण न सांगता करून दिलं. असा घरमालक शोधून सापडणार नाही.” बाथरूम खरंच उबदार झालं. माझा नवरा दोन तांबे अंगावर घेऊन बाहेर येणारा माणूस. आमची मुलगी मात्र एकदा आत गेली की तिला बाहेर काढायला आरोळ्या माराव्या लागत. तिचे केस कमरेपर्यंत, आणि वय आईला बाथरूमच्या आसपास फिरकू न देण्याचं.

तिचं डोकं दुखायला लागलं ते त्यानंतर. शाळेत निघताना कपाळ धरायची, जेवण नको म्हणायची, मळमळतं म्हणायची. शाळेतून यायची ती अगदी ठणठणीत. नवरा म्हणाला, शाळेत न जाण्याचं सोंग आहे. मी म्हटलं, मग ती जाते कशाला, आणि तिथे गेल्यावर बरी कशी होते? डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, त्यांनी चष्मा दिला. दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, अभ्यासाचा ताण. मी सरबतापासून तेलापर्यंत सगळे उपाय केले. माझ्या लक्षात जे आलं ते पुस्तकात वाचून नाही, तिचा चेहरा रोज वाचून. ज्या दिवशी ती केस धुवायची, त्या दिवशी डोकं सगळ्यात वाईट दुखायचं. सर्दी असल्यामुळे तिने दोन-तीन दिवस अंघोळ केली नाही, तर त्या दिवसांत नाव नाही डोकेदुखीचं.

मी गीझरसमोर उभी राहून ज्योत पाहिली. शेगडीची असते तशी निळी नव्हती, पिवळी होती, आळसावलेली. गीझरच्या वरच्या पत्र्यावर बोट फिरवलं तर काजळी. दुपारी मी गॅसच्या गीझरबद्दल मिळेल ते वाचून काढलं.

संध्याकाळी मी खाली गेले. काकांनी खुर्ची सरकवून घेतली. “बसा. भर उन्हाळा. खोलीची दारं-खिडक्या बंद. तुम्ही फ्रिजचं दार सताड उघडून समोर बसलात. खोली...”

“जास्त तापेल. फ्रिज आतली उष्णता काढून मागच्या बाजूने त्याच खोलीत टाकतो, वर यंत्राची स्वतःची. झालं? आता माझं ऐका.”

त्यांचा चेहरा पडला. “टेलरकडून आलात वाटतं.”

“काका, मुलीला अंघोळीनंतर गरगरतं. तो झरोका उघडून द्या. गॅस नीट जळत नाहीये, ज्योत पिवळी आहे.”

“पिवळी म्हणजे उजेड जास्त. उजेड जास्त म्हणजे उष्णता जास्त. फायदा तुमचाच.”

“पिवळी म्हणजे अर्धवट जळतोय. त्यातून विषारी वायू निघतो, कार्बन मोनॉक्साइड. मी वाचलंय.”

“तुम्ही कॉलेजात काय शिकलात?”

“इतिहास.”

“मग राजे-रजवाडे सांभाळा बाई, वायू माझ्यावर सोडा.” तरी ते वर आले. नियमाला पक्के होते. कोडं सुटलं होतं. त्यांनी गीझर लावला, बाथरूमचं दार सताड उघडं ठेवून, आणि मान वर करून हुंगलं. एका कोपऱ्यात हुंगलं, दुसऱ्यात हुंगलं, वाकून मोरीपाशी हुंगलं. मी मागे उभी. माझ्या लेकीच्या जिवाचा निकाल एक म्हातारा नाकाने लावत होता.

“काही नाही,” ते म्हणाले.

“त्याला वास नसतोच! म्हणून तर तो वाईट.”

“वास नाही म्हणजे वायू नाही. चोर आला पण पाऊल वाजलं नाही, असं झालं हे.”

“चोराची पावलं कधी वाजतात हो?”

एवढं बोलून मी थांबायला हवं होतं असं माझ्या नवऱ्याचं मत आहे. मी थांबले नाही, आणि काकाही थांबले नाहीत. म्हणाले, समजा तुमचा तो वायू आहे. पण कार्बनचा वायू हवेपेक्षा जड. तो खाली बसणार आणि मोरीच्या भोकातून निघून जाणार. मोरीचं भोक मी बुजवलंय का? नाही ना? मग वरचा झरोका हवाच, असं का बरं?

इथे या माणसाच्या अर्धवट ज्ञानाची गंमत बघा. सिलिंडरमधला गॅस गळला तर तो खरंच जड असतो आणि खाली साचतो. आपण श्वासातून सोडतो तो कार्बन डायऑक्साइडही जड. त्या दोघांवरून काकांनी तिसऱ्याचं वजन ठरवून टाकलं. कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ हवेइतकाच, किंचित हलका, आणि गीझरमधून निघतो तो गरम होऊन, म्हणजे आधी वरच जाणार आणि मग खोलीभर मिसळणार. हे मी त्यांना कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला, आणि म्हणाले, “अक्षर छान आहे.”

मला अजिबात माहिती नसलेल्या माणसाची भीती वाटत नाही. तो विचारतो. मला भीती वाटते ती ज्याला एकदा काहीतरी बरोबर कळलं होतं त्याची.

झरोका फोडू या, असं मी त्याच दिवशी नवऱ्याला म्हटलं. तो म्हणाला, “दुसऱ्याच्या घराची काच फोडायची? पाण्यात राहून माशाशी वैर? आपण पाणी शेगडीवर तापवू.” मग मी पातेल्यात पाणी तापवून देऊ लागले. मुलीची डोकेदुखी थांबली. मी हे काकांना मुद्दाम जाऊन सांगितलं. ते म्हणाले, “परीक्षा संपली ना तिची? मग थांबणारच.” परीक्षा संपली होती हे खरं. या माणसाचं दुर्दैव हे की त्याच्या प्रत्येक चुकीला कुठून तरी एक साक्षीदार मिळायचाच.

एके दिवशी सकाळी पाणी आलंच उशिरा. पातेलं नुकतंच शेगडीवर चढवलं होतं. मुलीला शाळेच्या सहलीसाठी लवकर पोचायचं होतं. मी तिचा डबा भरत होते. तिने मला विचारलं नाही, आत गेली, कडी लावली आणि गीझर लावला. नळाचा आवाज ऐकू आला तेव्हा मला वाटलं, बादली भरून घेतेय. मग तो आवाज तसाच चालू राहिला. बादली भरल्यावर पाणी सांडतं तसा.

“अगं!” मी हाक मारली. “पाणी वाहतंय!”

काही नाही.

दार वाजवलं. दोन्ही हातांनी वाजवलं. खांदा मारला. दार मजबूत, कडी आतून. नवरा कामावर गेला होता. मी जिन्यात जाऊन काय ओरडले ते मला आठवत नाही, पण टेलरताई वर आल्या त्या हातात कापडाची मोठी कात्री तशीच घेऊन. दार आणि चौकट यांच्यामध्ये बारीक फट होती. काकांनी ती एवढ्यात बुजवणार म्हणून सांगितलं होतं, तेवढीच राहून गेली होती. ताईंनी कात्रीचं पातं त्या फटीत घातलं आणि कडी वर उचलली.

ती भिंतीला टेकून बसल्यासारखी पडली होती. ओठ, गाल लाल. इतकी छान रंग आलेली मुलगी मी कधी पाहिली नव्हती, आणि ती हाकेला ओ देत नव्हती. आम्ही दोघींनी तिला टॉवेलमध्ये गुंडाळून ओढत गॅलरीत नेलं. थंड हवेत तिने एक मोठा श्वास घेतला, मग दुसरा, मग ओकली. ओकली तेव्हा मला रडू आलं.

हॉस्पिटलमध्ये तिच्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावला, रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, “बाथरूममध्ये गॅसचा गीझर आहे का? झरोका बंद आहे का?” मी दोन्हींना हो म्हटलं. त्या म्हणाल्या, “रक्तात ऑक्सिजनला बसायची एक जागा असते. हा वायू येऊन तिथे बसतो आणि उठायचं नाव घेत नाही. बसमध्ये रुमाल टाकून जागा अडवतात तसा. मग ऑक्सिजन येतो, जागा नाही बघून परत जातो. आणखी थोडा वेळ गेला असता तर...” त्या मास्कचा पट्टा नीट करायला वळल्या.

आम्ही तिला घरी आणलं त्या संध्याकाळी काका आले. हातात संत्री होती. नवरा त्यांच्यासाठी खुर्ची आणायला उठला, त्याची सवय.

“चक्कर आली म्हणे,” काका मुलीला म्हणाले. “उपाशीपोटी कढत पाणी अंगावर घेतलं की रक्त कातडीकडे धावतं. डोक्यात कमी पडतं. माणूस आडवा होणारच.”

“काका,” मी म्हटलं, “रक्त तपासलंय. त्यात तोच वायू निघाला. तुम्ही बुजवलेल्या झरोक्यामुळे.”

“डॉक्टर इथे आल्या होत्या? त्यांना वास आला?”

मुलगी अंथरुणातून त्यांच्याकडे बघत होती.

“मी विचारतो, बाई, कारण मी उभा जन्म वायूबरोबर काढलाय. तुम्ही आईच्या मायेने बोलताय, ते मी समजू शकतो. पण मायेने विज्ञान...”

“बाहेर व्हा,” मी म्हटलं.

“मी फक्त एक प्रश्न...”

“तुमच्या प्रश्नाचं उत्तर ही आत पडली होती ते होतं! काय हवंय अजून? प्रेत हवं होतं उत्तर म्हणून?”

नवरा खुर्ची धरून तसाच उभा होता. मग त्याने खुर्ची परत भिंतीला लावली. “काका, आता तुम्ही निघा,” तो म्हणाला. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्याला कुणा मोठ्या माणसाला असं बोलताना ऐकलं नव्हतं. काका गेले. नवऱ्याने माळ्यावरून हातोडी काढली, बाथरूममध्ये गेला आणि आमचा झरोका फोडला. संत्री मी जिन्यात ठेवून आले.

मला वाटलं, इथे संपलं. आता फक्त दुसरी जागा बघायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू आल्या. त्या आमच्याकडे कधी येत नसत. मुलगी झोपली होती. त्या तिच्या उशाशी बसल्या, तिच्या केसांवरून हात फिरवला, आणि मला हळूच विचारलं, “हिला आधी काय व्हायचं गं?”

“डोकं दुखायचं.”

“इथे?” त्यांनी स्वतःच्या कानशिलांवर दोन बोटं ठेवली. “घण घातल्यासारखं?”

“हो.”

“आणि अन्नावर वासना नाही. पाय कापसाचे झाल्यासारखे. उन्हात जाऊन बसलं की मग उतरायचं?”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. “काकू, तुम्हाला कधीपासून होतंय हे?”

“गीझर आल्यापासून असेल. मी म्हटलं, वय झालं.”

“तुमचाही झरोका बुजवलाय?”

“सगळ्यात आधी आमचाच. आपलं घर सोडून लोकांना शहाणपण सांगणाऱ्यांतले नाहीत ते.” हे त्यांनी अभिमानाने सांगितलं की तक्रार म्हणून, मला कळलं नाही. बहुतेक त्यांनाही. “ते स्वतः बारा महिने गार पाण्याने करतात. म्हणतात, बर्फवाल्याला गरम पाणी लाज आणतं. मला मात्र हाडं धरतात.”

“उद्यापासून गीझर लावू नका. मी पाणी तापवून देते.”

“आणि त्यांना काय सांगू?”

मला याचा इतका संताप आला, की मी उठले. माणूस लबाड असता तर एक वेळ चाललं असतं. लबाड माणूस स्वतःच्या बायकोचा तरी झरोका उघडा ठेवतो. या माणसाने आपल्या बायकोलाही रोज त्या कोठीत पाठवलं होतं, तिचं दुखणारं कपाळ रोज समोर बघितलं होतं, आणि सगळ्या जगाला कोडी घालणाऱ्याला आपल्या घरातलं हे एक कोडं दिसलं नव्हतं. कारण त्याला वास नव्हता.

हातोडी अजून बाथरूमच्या दाराशीच पडली होती. मी ती उचलली. काकू म्हणाल्या, “अगं अगं, काय करतेस?” पण माझ्या मागोमाग त्याही जिना चढल्या.

काका दारात होते. माझ्या हाताकडे बघून म्हणाले, “हे काय?”

“तुमचा झरोका फोडायचाय.”

“बाई, हे माझं घर आहे.”

“माहीत आहे.”

“मी पोलिसांना बोलवीन.”

“बोलवा. येताना डॉक्टरही आणायला सांगा, काकूंचं रक्त तपासू या.”

ते दारात आडवे उभे राहिले असते तर मी काय केलं असतं, कोण जाणे. पण मागून काकू म्हणाल्या, “जरा बाजूला व्हा, काचा पायात जातील.” आणि ते झाले. बायकोने सांगितलं म्हणून झाले की गोंधळून झाले, मला कळलं नाही. मला पर्वाही नव्हती.

स्टूल डुगडुगत होतं. काकूंनी ते दोन्ही हातांनी धरलं. पहिल्या घावाने काचेला फक्त तडा गेला. काम मात्र पक्कं होतं, एवढं म्हणेन. लांबी दगडासारखी झालेली, बुचाच्या पट्ट्या चौकटीत रुतलेल्या. मी मारत राहिले. काका दाराबाहेरून बोलत होते, थांबतच नव्हते. ऊब जाईल, गॅस दुप्पट लागेल, कबुतरं आत येतील, तुम्हाला महिनाअखेर खोली खाली करावी लागेल. “करतो,” मी म्हणाले, आणि आणखी एक घाव घातला. काच बाहेरच्या बाजूला पडली. गार हवा तोंडावर आली.

“तू तरी सांग तिला!” काका काकूंना म्हणाले.

काकूंनी स्टूल सोडलं नाही. “ती खालची पट्टी राहिलीय,” त्या मला म्हणाल्या. “ती पण काढ.”

आम्ही महिना संपायच्या आत ती जागा सोडली. नव्या जागेत गीझर बाहेर गच्चीवर आहे आणि बाथरूमला मोठी खिडकी आहे, थंडीत कुडकुडायला होतं. मुलगी कुरकुर करते. करू दे.

काकांना आपलं चुकलं असं आजही वाटत नाही. काकूंचं डोकं दुखायचं थांबलं. त्याचं श्रेय ते काकूंच्या नव्या चष्म्याला देतात. हे मला टेलरताईंनी बाजारात भेटल्यावर सांगितलं. मी विचारलं, “झरोका परत बुजवला असेलच की.”

“रोज बुजवतात,” ताई म्हणाल्या. “फडक्याचा बोळा करून. आणि अंघोळीला जाताना काकू तो काढतात.”

“भांडणं होत असतील.”

“छे, भांडत नाहीत त्या. बाहेर आल्यावर तो बोळा जेवणाच्या वेळी त्यांच्या ताटाशेजारी आणून ठेवतात, आणि वाढायला लागतात.”